मासे मेल्यावरच नदी आठवते का?

संपादक साहेब, नमस्कार.
कृष्णेत मासे मेले की पुलावर गर्दी होते, फोटो निघतात, पाण्याचे नमुने जातात आणि आठवड्यात सगळं शांत. पण पाण्यातल्या हार्मोनसारख्या रसायनांनी मासा न मरताही बिघडतो, त्यावर कुणी बोलतच नाही. अंड्यातलं पिल्लू सुरुवातीला आईनं बलकात ठेवलेल्या थायरॉइड हार्मोनवर वाढतं, त्याची स्वतःची ग्रंथी नंतर कामाला लागते, आणि कितीतरी जीन (जनुकं) कधी चालू व्हायचे ते हे हार्मोनच ठरवतात. झेब्राफिश हा छोटा मासा तर आपल्याच देशातला, त्याच्या पिल्लाच्या मेंदूत अरोमाटेजचा, म्हणजे इस्ट्रोजेन हे मादीचं हार्मोन बनवणाऱ्या एन्झाइमचा, जीन इस्ट्रोजेनसारख्या रसायनानं भलताच जोरात चालू होतो हे प्रयोगात दिसलंय. कॅनडात एका तळ्यात २००१ पासून तीन वर्षं गर्भनिरोधक गोळीतलं इस्ट्रोजेन सोडलं, लिटरला जेमतेम ५-६ नॅनोग्रॅम, तर नरांच्या अंगात अंड्याचं प्रथिन तयार व्हायला लागलं आणि तिथली एक छोट्या माशाची जात जवळजवळ संपलीच!

आपल्या सांगलीत शेरीनाल्याचं सांडपाणी नदीत जातं त्याचं काय? नुसता ऑक्सिजन मोजून भागायचं नाही, पावसाच्या तोंडाला मासे अंडी घालतात तेव्हा तरी हार्मोनसारखी रसायनं तपासा आणि आकडे पेपरात छापा.

– एक वाचक, सांगली