कोयासानच्या मठात आईला जेवू घालणाऱ्या भिक्षूंस

सप्रेम नमस्कार,

तुमचं नाव मला ठाऊक नाही. हे पत्र पोचलंच तर वाचून दाखवायला तुम्हाला एखादा मराठी माणूस गाठावा लागेल. तरी लिहिते आहे, कारण जपानात पाऊल ठेवल्यापासून माझी आई त्या संध्याकाळी पहिल्यांदा निर्धास्त जेवली.

आई माळकरी. ‘सर्वत्र शाकाहारी जेवणाची सोय’ असं आमच्या सहल कंपनीनं छापून दिलं होतं. प्रत्यक्षात पुढ्यात यायचं उदोन, म्हणजे गव्हाच्या जाड शेवया, नाहीतर मिसो सूप. त्यांच्या दाशीत, म्हणजे मूळ रश्शात, बहुधा कात्सुओबुशी, म्हणजे धुरी देऊन वाळवलेला मासा. विचारलं की सहलप्रमुख म्हणायचे, “काकू, मासा दिसतोय का कुठे? मग झालं तर!” आई कोरा भात आणि घरचा चिवडा खात राहिली. शेवटी त्यांना रामराम ठोकून आम्ही ओसाकाहून रेल्वेनं आणि पुढे केबल कारनं तुमच्या डोंगरावर आलो. बौद्ध आचार्य कुकाईंना ८१६ साली मिळालेल्या या जागी शोजिन र्‍योरी ही मठातली शाकाहारी रसोई मिळते, एवढ्याच भरवशावर.

तांबड्या लाखेच्या चौरंगांवर ताटं मांडली गेली. आईनं सुपाची वाटी उचलली आणि माझ्याकडे पाहिलं. बस, एवढंच. तुम्ही आत गेलात आणि बशीत भिजलेल्या कोम्बूचा, म्हणजे समुद्री शेवाळाचा, तुकडा नि एक शिताके अळंबी घेऊन आलात. बशी तिच्यापुढे ठेवून सुपाकडे बोट दाखवलंत. मग तिच्या गळ्यातली तुळशीची माळ पाहून आपल्या मनगटावरची जपमाळ किंचित वर केलीत.

कुणी मागितलं नव्हतं हे. कपाळावर आठी नाही, ‘काय एकेकाचे नखरे’ असा भाव नाही. दुसऱ्याची शंका खुळी न मानता फेडायला भाषा लागत नाही. पैसे घेतलेल्यांना मात्र ते मराठीतूनही जमलं नव्हतं.

मग आई जेवली! गोमादोफूला ‘तिळाचा खरवस’ म्हणाली. नावात तोफू असला तरी त्यात सोयाबीन नसतंच, वाटलेले तीळ आणि कुझूच्या मुळांचं सत्त्व घोटून तो करतात, हे कळल्यावर तिनं वहीच काढली. कोयादोफू, म्हणजे गोठवून वाळवलेला तोफू, तिला फारसा रुचला नाही, पण संपवला.

तिचा एक प्रश्न कळवते. कांदा-लसूण तुम्हाला बाराही महिने वर्ज्य. आम्ही चातुर्मास लागण्याआधी कांदेनवमीला भजी-थालीपिठं करून कांद्याची हौस फेडून घेतो. भिक्षू होण्याआधी तुम्हाला असं काही करू देतात का?