उन्हाळी खाद्यमहोत्सव आणि अन्नाची काळजी

उन्हाळा लागताच शहरात खाद्यमहोत्सव, गच्चीवरची जेवणं, हॉटेलांचे खास बेत यांची रेलचेल होते. त्यानिमित्ताने घरची माणसं एकत्र बाहेर पडतात, याचा मला मनापासून आनंद आहे. पण अन्न किती वेळ उघड्यावर राहणार, हे जाहिरातीत कुठेच नसतं. ५ ते ६० अंश सेल्सिअस तापमानात जंतू झपाट्याने वाढतात. शिजवलेले पदार्थ एरवीही दोन तासांहून जास्त बाहेर ठेवू नयेत. पारा ३२ अंशांपुढे गेला की जेमतेम एक तास. शेगडीपुढे घामाघूम होणाऱ्या आचाऱ्यांना तरी सावली, पाणी, आळीपाळीने विश्रांती मिळते का? परवानगी देतानाच पालिकेने या अटी घालाव्यात.

– एक वाचक