शुगर तपासता, तसे पायही बघा

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,
सविनय नमस्कार.

संक्रांतीला मी माहेरी गेले होते, माजलगाव तालुक्यातल्या आमच्या गावी. भाऊ-भावजय दिवाळीनंतरच टोळीबरोबर ऊसतोडीला गेलेले. घरी 72 वर्षांची माय आणि दोन नातवंडं. दारातच तिच्या चपलेवर काळपट डाग दिसला. उलटी करून बघितली, तर बाभळीचा काटा तळातून आरपार घुसलेला. टाचेला खड्डा, कडा पांढऱ्याफटक, वास सुटलेला. "दुखत नाही का गं?" तर म्हणाली, "न्हाई बाई, काहीच कळंना."

ते न दुखणंच घातक होतं. 12 वर्षांच्या शुगरनं तळपायाच्या नसा बधिर झालेल्या. त्यात उतारवयाची पातळ कातडी, पायाकडं कमी झालेला रक्तपुरवठा. जखम भरायला प्रथिनं लागतात. एकट्या म्हातारीच्या ताटात भाकरी-ठेच्याशिवाय असतं काय?

रोजच्या पट्टीसाठी दवाखाना 9 किलोमीटर. पासष्टीपुढं एसटीला अर्धं तिकीट, पंचाहत्तरीपुढं फुकट, ही सवलत चांगलीच आहे. पण ज्या टाचेवर भार पडू द्यायचा नाही, त्याच टाचेवर चालत ती फाट्यापर्यंत जायची. दवाखान्यात जखमेवर रोज फेसाचं औषध ओतायचे. कोरडा गॉज चिकटून बसायचा. ओढला की नुकतं धरलेलं लालसर मांस त्याच्यासोबत निघून यायचं. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तिथल्या सिस्टरला मी बोल लावत नाही. सलाइननं धुऊन न चिकटणारी पट्टी लावायची, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं आणि तसली पट्टी कपाटात नव्हतीही.

पाचव्या महिन्यात हाडात पू झाला आणि गुडघ्याखाली पाय काढावा लागला. तेव्हा मात्र सरकारी आरोग्य योजनेतून सगळं झालं, आम्हाला पैसा लागला नाही. साहेब, सत्तरीपुढच्या माणसाला 5 लाखांपर्यंतच्या उपचाराचं कार्ड मिळतं, पण ते भरती झाल्यावर चालतं. माझ्या मायला पाय कापायला सरकारचा पैसा मिळाला, पट्टीला मिळाला नाही.

उपकेंद्रात तिशीपुढच्यांची शुगर तपासतातच. त्याच वेळी चपला काढायला लावून दोन्ही तळपाय बघायला सांगा. 10 ग्रॅम इतकाच दाब देणारा नायलॉनचा धागा तळपायाला टेकवला की बधिरपणा दोन-तीन मिनिटांत समजतो. त्याला ना मशीन लागतं, ना डॉक्टर. उपकेंद्रात चांगल्या पट्ट्या ठेवा. ज्यांना चालता येत नाही किंवा चालायचंच नाही, त्यांच्या घरी जाऊन पट्टी व्हावी. 4 आठवड्यांत जखम निम्मी भरली नाही, तर पायाचा रक्तपुरवठा तपासायला मोठ्या दवाखान्यात पाठवायचा नियम करा, आणि तिथवर न्यायला गाडी द्या. अंथरुणाला खिळलेल्यांच्या पाठीच्या जखमाही यातच धराव्यात. ऊसतोडीच्या हंगामात आमच्या बीड जिल्ह्यात हे सगळ्यात आधी हवं, कारण तेव्हा घरोघरी म्हातारी माणसंच मागं उरतात.

या दिवाळीनंतर भाऊ पुन्हा टोळीबरोबर जाईल. मायच्या उरलेल्या पायाची टाच मी दर पंधरवड्याला येऊन बघते. आमच्या गल्लीत शुगर असलेल्या आणखी चार म्हाताऱ्या आहेत. त्यांचे पाय अजून कुणी बघितलेले नाहीत.

आपली,
माजलगाव तालुक्यातली एक लेक