संपादक परिषदेच्या अधिवेशनांचा इतिहास वाचायला शिकवणाऱ्या ग्रंथपाल बाईंना

आदरणीय बाई,

सादर नमस्कार.

अखिल भारतीय वृत्तपत्र संपादक परिषदेच्या सुरुवातीच्या अधिवेशनांवरील माझे टिपण पूर्ण झाले असून त्याची प्रत आपल्याकडे पाठवली आहे. परंतु ग्रंथालयातून निवृत्त झाल्यानंतरही आपण या कामासाठी जे केलेत, त्याचे आभार खासगी पत्रात मानून भागणार नाही असे वाटल्याने हे जाहीर पत्र लिहीत आहे. आपले नाव छापू नये अशी आपली इच्छा असल्याने ते येथे येणार नाही. जुन्या वृत्तपत्रांच्या फायली सांभाळणाऱ्यांचा उल्लेख ऋणनिर्देशात एका ओळीत उरकण्याची आपल्याकडे पद्धत आहे, आणि ती मला अन्यायाची वाटते. अशा व्यक्तीने एखाद्या अभ्यासाची दिशाच ठरवलेली असते, हे निदान या कामापुरते तरी मी खात्रीने सांगू शकतो.

एखाद्या संघटनेच्या अधिवेशनांचा इतिहास लिहायचा म्हटले की स्थळ, तारीख, अध्यक्ष, स्वागताध्यक्ष आणि संमत झालेले ठराव अशी मांडणी हाताला आपोआप येते. कार्यवृत्तांचे जे काही भाग उपलब्ध होते ते आपण काढून दिलेत, आणि देताना एकच गोष्ट सांगितलीत, की ठराव काय झाला हे कार्यवृत्तात मिळेल, तो पाळला गेला की नाही हे मात्र नंतरच्या अंकांतच शोधावे लागेल. इतर कोणत्याही व्यवसायाच्या संघटनेला ही कसोटी लावता येणार नाही. संपादकांची गोष्ट निराळी आहे, कारण सभागृहात त्यांनी काय कबूल केले याचा पुरावा ते स्वतःच रोज सकाळी छापून वाचकांच्या हाती देत असतात. माझे सगळे टिपण या एका सूचनेवर उभे आहे.

परिषदेचा जन्मच मुळी एका सरकारी आदेशातून झाला. १७ ऑक्टोबर १९४० रोजी पवनार येथे विनोबांनी वैयक्तिक सत्याग्रहाला प्रारंभ केला. युद्धविरोधी भाषण करणे हेच या सत्याग्रहाचे स्वरूप असल्याने त्याची बातमी छापणे हासुद्धा सरकारच्या लेखी युद्धप्रयत्नांना विरोध ठरू लागला. गांधीजींनी ‘हरिजन’ साप्ताहिकांचे प्रकाशन थांबवले. महिनाअखेरीस भारत संरक्षण नियमांखाली असा मजकूर छापण्यास मनाई करणारा आदेश निघाला, तेव्हा ‘द हिंदू’चे संपादक कस्तुरी श्रीनिवासन यांच्या अध्यक्षतेखाली १० नोव्हेंबरला दिल्लीत देशभरातील संपादक एकत्र आले. सरकारने आदेश मागे घेतला. संपादकांनी युद्धकाळात स्वतःवर काही संयम घालून घेण्याचे मान्य केले. केंद्रात आणि प्रांतांत वृत्तपत्र सल्लागार समित्या नेमल्या गेल्या. त्या काळातील कागदपत्रांत याला सभ्य माणसांमधला करार म्हटलेले आढळते. या तडजोडीबद्दल अभ्यासकांत दोन मते आहेत आणि माझेही मन अनेकदा दोन्हीकडे गेले, कारण जो संयम आपणहून पत्करला जातो तो हळूहळू नियंत्रणाचेच काम करू लागतो अशी भीती त्यात होती. तरीही, एरवी एकमेकांचे वाचक ओढण्यात गुंतलेले संपादक एका टेबलाभोवती बसून सरकारशी एकत्रित बोलणी करू शकतात हे त्या बैठकीने दाखवून दिले, आणि ही गोष्ट मला तडजोडीहून मोठी वाटते.

खरी परीक्षा १९४२ मध्ये झाली, आणि आपण केलेली मदतही याच भागात सर्वांत मोलाची ठरली. ऑगस्टमध्ये ‘भारत छोडो’ ठरावाबरोबरच बातम्यांवर कडक निर्बंध आले. वृत्तपत्राने सरकारच्या हातचे साधन होण्यापेक्षा बंद पडणे पत्करावे, असे गांधीजींनी ८ ऑगस्टला मुंबईत गवालिया टँकच्या भाषणात पत्रकारांना उद्देशून सांगितले होते, आणि काही पत्रे खरोखरच बंद झाली. जी चालू राहिली त्यांच्यापुढचा पेच अधिक अवघड होता. ऑक्टोबरमध्ये मुंबईत परिषद भरली तेव्हा याच पेचावर चर्चा झाली. बंद पडलेल्या पत्रांच्या त्यागाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे आणि ते योग्यच आहे. परंतु चालू राहून मर्यादा कोठे आखायची, हा प्रश्न रोज रात्री पान लावताना सोडवणाऱ्यांकडे इतिहासकारांनी फारसे लक्ष दिलेले नाही.

त्यानंतर चिमूरचे प्रकरण आले. १६ ऑगस्ट १९४२ रोजी, नागपंचमीच्या दिवशी, तेव्हाच्या चांदा जिल्ह्यातील या गावात जमाव आणि पोलीस यांच्यात संघर्ष झाला, सरकारी अधिकारी मारले गेले, आणि पुढे आलेल्या सैन्याने व पोलिसांनी गावावर, विशेषतः स्त्रियांवर, केलेल्या अत्याचारांच्या हकिगती बाहेर येऊ लागल्या. त्यांची चौकशी व्हावी म्हणून सेवाग्राम आश्रमातील प्राध्यापक भन्साळी यांनी, व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असलेल्या लोकनायक बापूजी अणे यांच्या दिल्लीतील निवासस्थानी उपोषण आरंभले आणि पुढे ते सेवाग्राममध्ये चालू ठेवले. मध्य प्रांत व वऱ्हाडच्या सरकारने या उपोषणाच्या आणि चिमूरच्या बातम्यांवरच बंदी घातली. डिसेंबर १९४२ च्या मध्यास परिषदेची स्थायी समिती मुंबईत भरली आणि तिने जो निर्णय घेतला त्याला आपल्या देशाच्या वृत्तपत्रसृष्टीत तोड नाही असे माझे मत आहे. गव्हर्नरांच्या निवासस्थानांतून निघणारी परिपत्रके छापायची नाहीत, नववर्षानिमित्त सरकार देत असलेल्या किताबांची यादी छापायची नाही, ब्रिटिश व भारत सरकारच्या आणि प्रांतिक सरकारांच्या पदाधिकाऱ्यांची भाषणे, त्यांतील प्रत्यक्ष निर्णय वा घोषणा वगळता, छापायची नाहीत, आणि ६ जानेवारी १९४३ या एका दिवशी वृत्तपत्रे बंद ठेवायची, असा तो निर्णय होता.

येथेच आपण मला फायलींच्या नोंदवहीपाशी नेलेत. त्या वर्षाच्या बांधीव फायलीत ६ जानेवारीच्या जागी ‘अंक नाही’ एवढीच नोंद होती. ग्रंथालयात अशा नोंदींचा अर्थ सहसा अंक गहाळ झाला, वाळवीने खाल्ला किंवा वर्गणीदाराकडून आलाच नाही, असा घेतला जातो. आपण तारीख पाहून ती नोंद स्वतंत्र वहीत उतरवून ठेवली होती, दुसऱ्या पत्रांच्या फायलींशी ती ताडून पाहिली होती, आणि हा अंक हरवलेला नसून मुळात निघालेलाच नाही हे समासात नमूद केले होते. मग आपण १ जानेवारीचा आणि त्यापुढचे काही दिवसांचे अंक समोर ठेवून, त्यांत काय नाही ते शोधायला सांगितलेत. किताबांच्या यादीसाठी दरवर्षी जी जागा जाई, तेथे त्या वर्षी दुसराच मजकूर होता. एका बहिष्काराचा यापेक्षा स्पष्ट दाखला कोणत्या कार्यवृत्तात सापडणार होता? सर्वच पत्रांनी हा निर्णय सारख्या निष्ठेने पाळला असे म्हणता येणार नाही, आणि तसे न म्हणण्याची दक्षताही आपणच मला घ्यायला लावलीत. एका फायलीवरून सगळ्या देशाविषयी विधान करू नये, हा आपला आग्रह टिपणाच्या प्रत्येक पानावर मी पाळला आहे. १२ जानेवारीला ६३ दिवसांचे उपोषण सुटले आणि बातम्यांवरील बंदीही उठली. संपादकांच्या हरताळामुळेच ती उठली, असा दावा करणे धाडसाचे होईल, कारण मध्यस्थीचे इतर प्रयत्नही चालू होते. परंतु बंदी घालून चिमूर झाकता येणार नाही, हे सरकारला दिसण्यात या हरताळाचा वाटा नक्कीच होता.

पुढच्या काही वर्षांचा भाग टिपणात थोडक्यात आला आहे. श्रीनिवासन यांच्यानंतर ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे सय्यद अब्दुल्ला ब्रेल्वी अध्यक्ष झाले, आणि त्यांच्यामागून तुषारकांती घोष, देवदास गांधी, देशबंधू गुप्ता अशी नावे येतात. ब्रेल्वींविषयी मात्र स्वतंत्रपणे लिहायला हवे, कारण मुंबईच्या राष्ट्रीय पत्रकारितेत इतकी वर्षे वावरलेल्या या संपादकाची मराठी वाचकाला आज पुरेशी ओळख राहिलेली नाही.

स्वातंत्र्यानंतरच्या प्रकरणासाठी आपण जे दोन अंक निवडून ठेवले होते, त्यांच्यामुळे त्या प्रकरणाला आकार आला. पहिला डिसेंबर १९५० चा होता. ३ डिसेंबरला संपादक परिषदेसमोर बोलताना पंतप्रधान नेहरूंनी, स्वातंत्र्याच्या गैरवापराचे सर्व धोके पत्करूनही दडपलेल्या किंवा नियंत्रित वृत्तपत्रांपेक्षा पूर्ण स्वतंत्र वृत्तपत्रे आपण पसंत करू, असे सांगितले. ही वाक्ये आजही ठिकठिकाणी उद्‌धृत होतात, पण ती कोणत्या व्यासपीठावरून आणि कोणत्या वेळी उच्चारली गेली याची आठवण क्वचितच ठेवली जाते. त्याच वर्षीच्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने मुंबईहून निघणाऱ्या ‘क्रॉस रोड्‌स’ आणि दिल्लीच्या ‘ऑर्गनायझर’ या साप्ताहिकांवरील सरकारी निर्बंधांच्या प्रकरणांत त्यांच्या बाजूने निकाल दिले होते आणि सरकार त्यामुळे अस्वस्थ होते. दुसरा अंक १९५१ च्या जूनचा होता: सहा-सात महिन्यांत त्याच पंतप्रधानांच्या सरकारने पहिली घटनादुरुस्ती संमत करून घेतली आणि अभिव्यक्तिस्वातंत्र्यावरील निर्बंधांची कक्षा वाढवली. परिषदेने तिला तीव्र विरोध केला आणि १२ जुलै रोजी एक दिवस प्रकाशन बंद ठेवण्याची हाक दिली. परक्या सरकारविरुद्ध वापरलेले साधन स्वतःच्या सरकारविरुद्ध, आणि तेही सर्वाधिक लोकप्रिय नेत्याविरुद्ध वापरायला जे नैतिक बळ लागते, त्याचे मोल मला या दोन अंकांमुळे कळले. एरवी त्यांच्यातला संबंध मला इतक्या ठळकपणे दिसला नसता. आक्षेपार्ह मजकुरासंबंधीचा वृत्तपत्र कायदा त्याच वर्षी आला आणि १९५६ पर्यंत अमलात राहिला, म्हणजे विरोधाला तात्काळ यश आले नाही. तरीही तो नोंदवला गेला, हे महत्त्वाचे आहे. त्या लढ्याचे नेतृत्व करणारे देशबंधू गुप्ता नोव्हेंबर १९५१ मध्ये कलकत्त्याजवळच्या विमान अपघातात गेले.

एका गोष्टीकडे आपण वारंवार लक्ष वेधले होते, तिचाही उल्लेख येथे करतो. ही परिषद संपादकांची होती. बातमीदार, उपसंपादक, मुद्रितशोधक यांच्या वेतनाचा आणि नोकरीच्या शाश्वतीचा प्रश्न तिच्या अधिवेशनांत मध्यवर्ती नव्हता, आणि म्हणूनच १९५० मध्ये श्रमिक पत्रकारांना दिल्लीत आपला वेगळा महासंघ उभारावा लागला. न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखालील पहिल्या वृत्तपत्र आयोगाचा अहवाल १९५४ मध्ये आला आणि १९५५ मध्ये श्रमिक पत्रकारांसाठी कायदा झाला, तेव्हा कोठे या वर्गाला संरक्षण मिळाले. संपादक परिषदेचा गौरव करताना ही मर्यादा लपवू नये, असे आपण म्हणाला होतात, आणि ते प्रकरण आपल्या सांगण्यावरूनच टिपणात समाविष्ट झाले.

आपण तयार केलेली ‘न निघालेल्या अंकां’ची वही आता ग्रंथालयाच्या संग्रहात रीतसर दाखल करून घेतली गेली आहे आणि तिच्या नोंदी टंकलिखित करण्याचे काम मी हाती घेतले आहे. १२ जुलै १९५१ ची नोंद काही फायलींसाठी अद्याप तपासायची आहे. आपल्याला सवड असेल तेव्हा त्या फायली आपण दोघांनी मिळून पाहाव्यात, अशी विनंती आहे.

आपला कृतज्ञ,
वृत्तपत्र इतिहासाचा एक अभ्यासक