मनूस

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

ट्राउट माशांच्या अंगावर पांढरे ठिपके उठले हे सांगताना तुझा आवाज कापत होता, आणि मी मध्येच तुझ्या हातांचं विचारलं. तू फोन ठेवलास. चूक तुझी नाही. पण व्हिडिओत बोटांवरच्या भेगा दिसल्या गं, त्यातून लक्ष निघत नाही.

मासे वाचतील का, हे तुझं विचारणं राहूनच गेलं. सगळे नाहीत वाचणार. ते ठिपके उठवणारा परजीवी कातडीच्या आत शिरून बसतो, तिथे पाण्यातलं औषध पोचत नाही. पण जे तगतील, त्यांच्या त्वचेवरच्या बुळबुळीत स्रावात त्याच्याविरुद्ध आयजीटी नावाचं प्रतिपिंड (अँटिबॉडी) तयार होईल. रक्तात मात्र दुसरं, आयजीएम. २०१३ मध्ये ट्राउटवरचं हे काम छापून आलं, तेव्हा मी रात्रभर वाचत बसले होते. तू उशाशी येऊन "माशाला पण सर्दी होते का?" विचारलंस आणि उत्तर मिळेपर्यंत झोपली नाहीस. आज तीच मुलगी टाक्या सांभाळते, हे बाबांना सांगताना माझाच गळा दाटतो.

थंड पाण्यात प्रतिपिंडं सावकाश बनतात, आठवडे लागतात. दहा अंशांच्या पाण्यात घाईने निष्कर्ष काढू नकोस. आणि मासा कोरड्या हाताने धरू नकोस. माशाच्या कातडीवर आपल्यासारखा मेलेल्या पेशींचा थर नसतो, अगदी वरची पेशीही जिवंत असते. स्राव पुसला गेला की ती उघडीच पडते. जाळीही मऊ, बिनगाठीची घे. झालं, परत शिकवायला लागले. माफ कर, हे तुला माझ्यापेक्षा जास्त येतं.

तरी हातमोजे घाल. टाक्यांच्या पाण्यात मायकोबॅक्टेरियम मरिनम हा जिवाणू असू शकतो, तो अशाच भेगांतून शिरतो. लगेच काही दिसत नाही. बोटावर गाठ आली आणि हटेना, तर डॉक्टरांना आपणहून सांग की मी माशांच्या टाक्यांत काम करते. नाहीतर त्यांच्या ते लक्षात येत नाही आणि महिने वाया जातात. रात्री हातांना व्हॅसलीन लाव.

माझा राग असेल तर दादाला फोन कर, पण हाताचा फोटो पाठव.

तुझी,
आई