कोलंबो आणि विजेचे पांघरूण

मा. संपादक,

जुन्या रहस्यमालिकांवरच्या लेखनात ‘कोलंबो’चा उल्लेख बहुधा त्यातल्या पोलिस अधिकारी कोलंबोच्या चुरगळलेल्या रेनकोटवरच संपतो. या अमेरिकी मालिकेची खरी गंमत रचनेत आहे. खुनी कोण हे सुरुवातीलाच दिसते. उरतो तो पुरावा.

१९७१चा ‘सुटेबल फॉर फ्रेमिंग’ हा भाग पाहा. कलासमीक्षक नात्यातल्या श्रीमंत चित्रसंग्राहकाला गोळी घालतो आणि प्रेतावर विजेवर तापणारे पांघरूण टाकतो. प्रेत साधारण ताशी एक अंश सेल्सिअसने थंड होते, तेही सुरुवातीला सावकाश. ऊब टिकली की मृत्यूची वेळ पुढे सरकल्यासारखी वाटते. तेवढ्यात साथीदार दुसरी गोळी झाडते, तेव्हा हा समीक्षक चारचौघांत असतो.

युक्ती चांगली, पण अर्धवट. शरीर आखडणे साधारण दोन ते चार तासांत जबड्यापासून जाणवू लागते आणि उष्णतेने ते लांबत नाही, उलट लवकर येते. पांघरूण फार वेळ राहिले, तर प्रेत कोमट पण ताठ, अशी विसंगती उरते. एकट्या तापमानावर वेळ ठरवू नये, ते यासाठीच.

शेवट मात्र ठशांवर आहे (भाग पाहिला नसेल, तर इथेच थांबा). खुन्याच्या पिशवीतल्या चित्रांना कोलंबोने आधीच हात लावलेला असतो, म्हणून नंतर दुसऱ्याच्या घरी सापडलेल्या चित्रांवर कोलंबोचेच ठसे मिळतात. ‘ते आत्ता उमटले’ असा खुन्याने कांगावा करताच कोलंबो खिशातून हात काढतो. हातांत मोजे!

– एक वाचक