मनाविषयीच्या पुस्तकांचीही परीक्षणे यावीत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीतील ग्रंथपरीक्षणाचे पान मी नियमाने वाचतो, कारण आमच्या तालुक्याच्या गावातील सार्वजनिक वाचनालयासाठी पुस्तके निवडताना त्याचा मोठा आधार होतो. त्या पानावर कादंबरी असते, कवितासंग्रह असतो, चरित्रे आणि वैचारिक ग्रंथ असतात. परंतु आमच्या देवघेवीच्या नोंदवहीत ज्यांची नावे सर्वांत अधिक वेळा येतात, ती पुस्तके तेथे कधीच दिसत नाहीत. आत्मशोध, सकारात्मक विचार आणि ध्यानधारणा या विषयांवरची ही पुस्तके असून त्यांतील पुष्कळशी इंग्रजीतून मराठीत आलेली आहेत. समीक्षकांना ती वाङ्मय म्हणून दखलपात्र वाटत नसतील, हे मी समजू शकतो. पण कादंबरी वाचून सहसा कोणी आपली दिनचर्या, नोकरी किंवा औषध बदलत नाही आणि ही पुस्तके वाचून मात्र माणसे तसे करतात. ज्या लेखनाचा वाचकाच्या जगण्यावर इतका थेट परिणाम होतो, त्याची पारख करण्याचे काम केवळ मलपृष्ठावरच्या मजकुरावर सोडून दिले गेले आहे, याची मला मनापासून चिंता वाटते.

मी या पुस्तकांचा विरोधक नाही. आईच्या दीर्घ आजारपणात रात्री तिच्या उशाशी बसून असताना अशाच एका पुस्तकातील श्वासाकडे लक्ष देण्याच्या साध्या सूचनेने मला तग धरायला मदत केली, आणि त्या चार पानांचे ऋण मी आजही मानतो. ज्यांना आपल्या दुःखाविषयी घरात बोलता येत नाही, असे कितीतरी सभासद यांतले एखादे पुस्तक दुसऱ्या पुस्तकाखाली झाकून टेबलावर ठेवतात. त्यांच्या दृष्टीने ते पुस्तक म्हणजे मदत मागण्याचे पहिले पाऊल असते. म्हणूनच ते पुस्तक चांगले असावे, एवढाच माझा आग्रह आहे.

आमच्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुले बसतात. त्यांतील एकाने निकालानंतर मला सांगितले, ‘सर, माझ्या मनात कुठेतरी शंका राहिली, म्हणून पद हुकले.’ जागा किती होत्या आणि अर्ज किती होते, याचा उच्चारही त्याने केला नाही. अपयशाचे दुःख त्याला होतेच. त्यावर आपले विचार अशुद्ध होते, हा आणखी एक दोष त्याने स्वतःच्या माथी मारून घेतला होता. विचारांनीच सारे घडते असे सांगणाऱ्या पुस्तकाचा हा दुसरा चेहरा आहे. यश मिळाले तर श्रेय पद्धतीचे, आणि न मिळाले तर उणीव वाचकाच्या श्रद्धेत, अशी त्याची रचना असते. त्यामुळे ते पुस्तक कधीच चुकत नाही.

वास्तविक ही शिकवण तपासून पाहिली गेलेली आहे. एमिल कुए हे फ्रान्समधील औषधविक्रेते विसाव्या शतकाच्या आरंभी स्वयंसूचनेचा प्रसार करीत होते. मी दिवसेंदिवस सर्व प्रकारे सुधारत आहे, अशा अर्थाचे वाक्य सकाळी उठताना आणि रात्री झोपताना वीस वेळा म्हणावे, आणि मोजणीसाठी वीस गाठी मारलेली दोरी हाती धरावी, असे ते सांगत. आपल्याकडच्या जपमाळेची आठवण करून देणारी ही दोरी आज कोणाच्या हाती नसली, तरी ते वाक्य शब्द बदलून कितीतरी मराठी पुस्तकांत नांदते आहे. कॅनडातील मानसशास्त्रज्ञ जोआन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, ज्यांना स्वतःविषयी मुळातच कमीपणा वाटत होता, अशांना ‘मी प्रेमास पात्र आहे’ या अर्थाचे वाक्य पुन्हा पुन्हा मनात म्हणायला सांगितले, तेव्हा ते न म्हणणाऱ्यांपेक्षा त्यांना अधिक वाईट वाटले. ज्यांचा आत्मसन्मान आधीच चांगला होता, त्यांना तेवढा थोडासा लाभ झाला. म्हणजे ज्याला या वाक्याची सर्वाधिक गरज असल्याचे पुस्तक सांगते, त्यालाच ते टोचते.

जर्मन मानसशास्त्रज्ञ गॅब्रिएल ओटिंगन यांनी 2002 मध्ये सहकाऱ्यासह प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातील एक निष्कर्ष तर मला प्रत्येक अभ्यासिकेच्या भिंतीवर लावावासा वाटतो. नोकरी मिळाल्याची सुखद चित्रे मनात वारंवार रंगवणाऱ्या पदवीधरांनी दोन वर्षांच्या काळात अर्ज कमी केले, त्यांना नोकरीचे प्रस्ताव कमी आले आणि पगारही कमी मिळाला. याउलट यश मिळण्याची शक्यता चांगली आहे असा अंदाज बाळगणाऱ्यांची कामगिरी सरस ठरली. आशा आणि मनोराज्य यांतला हा फरक आहे, आणि तो वाचकाला समजावून सांगणे हे परीक्षकाचे काम आहे. तुकोबांनी मन प्रसन्न करायला सांगितले, हे या पुस्तकांच्या पहिल्या पानावर हमखास छापलेले असते. जगाशी आणि स्वतःच्या मनाशी आपले रात्रंदिवस युद्ध चालले आहे, ही त्याच तुकोबांची कबुली मात्र तेथे सहसा आढळत नाही.

अनुवादाचा प्रश्न वेगळाच आहे. ‘सबकॉन्शस माइंड’ या एकाच इंग्रजी संकल्पनेसाठी एका पुस्तकात सुप्त मन, दुसऱ्यात अंतर्मन, तिसऱ्यात अवचेतन मन आणि आणखी कोठे अबोध मन असे शब्द येतात. मराठी वाचकाला अंतर्मन म्हटले की अंतरात्मा आठवतो, आणि मग मानसशास्त्रातला एक विवाद्य सिद्धान्त त्याच्यापुढे जणू संतवचनाचा अधिकार घेऊन उभा राहतो. मानसशास्त्र आणि मराठी या दोहोंचा व्यासंग असलेल्या परीक्षकाने हे दाखवून दिले, तर अनुवादकांनाही त्याचा उपयोग होईल.

ध्यानावरील पुस्तकांविषयी एकच गोष्ट नोंदवतो. इगतपुरीच्या धम्मगिरी येथे 1976 पासून विपश्यनेची दहा दिवसांची शिबिरे होतात आणि त्यांत मौनाबरोबरच वाचन व लेखनही पूर्णपणे वर्ज्य असते. पहिले काही दिवस केवळ नैसर्गिक श्वासाचे निरीक्षण करण्यात जातात. गंभीर मानसिक विकार असणाऱ्यांनी या शिबिराला येऊ नये, असेही तेथे आधीच स्पष्ट केले जाते. ध्यानाची परंपरा ज्यांनी प्रत्यक्ष चालवली, त्यांनी एवढी सावधगिरी बाळगली आहे. पुस्तक घरी नेऊन एकट्याने प्रयोग करणाऱ्या वाचकाला ही सूचना अनेकदा मिळत नाही, आणि अशी सूचना पुस्तकात आहे की नाही, एवढे जरी परीक्षणात लिहिले गेले, तरी मोठे काम होईल.

चांगली पुस्तकेही आहेतच. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमारास मांडलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती मराठीत जाणकारांनी सोप्या भाषेत आणली आहे आणि ती वाचकाला खोटा उल्हास न देता स्वतःच्या समजुती तपासायला शिकवते. इंग्लंडमध्ये 2013 पासून तज्ज्ञांनी पारखलेल्या अशा पुस्तकांची यादी सार्वजनिक ग्रंथालयांतून उपलब्ध करून दिली जाते आणि डॉक्टर ती पुस्तके औषधाच्या चिठ्ठीसारखी सुचवतात. आपल्या राज्यात 1967 पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे आणि गावोगावी वाचनालये आहेत. अशी यादी मात्र आमच्यासारख्या ग्रंथपालाच्या हाती नाही. पुस्तकखरेदीच्या वेळी आम्ही मागणी आणि मुखपृष्ठ पाहून निवड करतो, हे मी संकोचाने पण खरे सांगतो.

आम्ही आमच्यापुरती एक छोटी गोष्ट केली आहे. या विभागातील प्रत्येक पुस्तकाच्या आतील पानावर केंद्र सरकारने ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू केलेल्या टेलि-मानस या मानसिक आरोग्यविषयक दूरध्वनी सेवेचा 14416 हा निःशुल्क क्रमांक लिहिलेली चिठ्ठी चिकटवली आहे. झोप लागत नसेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर पुस्तक संपण्याची वाट न पाहता येथे बोलावे, एवढेच तिच्यावर लिहिले आहे. काही चिठ्ठ्या कोणीतरी काळजीपूर्वक सोडवून नेल्या. तेथे आम्ही नव्या लावल्या.

आपणास विनंती अशी, की महिन्यातून एका रविवारी तरी पुरवणीत अशा एका पुस्तकाचे चिकित्सक परीक्षण द्यावे आणि ते मानसोपचारतज्ज्ञ किंवा मानसशास्त्राच्या प्राध्यापकांकडून लिहून घ्यावे. लेखकाचा दावा कोणता, त्याला आधार कशाचा, पुस्तकातील कृती कोणी करावी आणि कोणी करू नये, मराठी अनुवाद मुळाशी प्रामाणिक आहे का, इतके त्यात असले तरी आमच्यासारख्यांना पुरेसे आहे. परीक्षणासाठी लागणारी पुस्तके आमच्या वाचनालयाच्या संग्रहातून पाठवण्याची आमची तयारी आहे.

कळावे,
आपला नम्र,
एक ग्रंथपाल, सातारा जिल्हा